रक्तातले मस्टर



आम्ही शाळा फारशी पाहिलेली नाही. आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि तेथे एक गोष्ट पक्की शिकलो : मस्टरवर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्कही कोणी मानीत नाही. डासांपासून होणाऱ्या तापाविषयीही आम्हाला हेच सांगावयाचे आहे.

डेंग्यूचे रोगी किती, हे इस्पितळाच्या वहीवरून ठरते. पण ताप अंगावर काढून पाळीला जाणारा कामगार त्या वहीत येणार कोठून? शिवाय डेंग्यूचा संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना तो जाणवतही नाही. मग खरी मोजदाद रक्तातूनच करावी लागते. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे तयार करते. त्यांतली काही थोड्या महिन्यांत ओसरतात, काही वर्षानुवर्षे टिकतात. ही टिकणारी प्रतिपिंडे म्हणजे शरीराने स्वतः ठेवलेले मस्टरच होय.

आपल्या देशात २०१७-१८ साली १५ राज्यांतील ५ ते ४५ वर्षे वयाच्या सुमारे १२,३०० लोकांचे रक्त असे तपासले गेले. शेकडा ४८.७ जणांना डेंग्यूची लागण कधी ना कधी होऊन गेली असावी, असा हिशेब निघाला. ५ ते ८ वर्षांच्या मुलांतही हे प्रमाण शेकडा २८.३ होते.

ही नोंद मात्र जपून वाचली पाहिजे. झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू डेंग्यूचे भाऊबंद आहेत. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत उमटू शकतात. संशय आल्यास रक्तद्रव आणि जिवंत विषाणू एकत्र करून, ते कोणत्या विषाणूला आवर घालते हे पाहावे लागते.

हे मस्टर न पाहता पुढे गेल्यास काय होते? फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून ८ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस टोचली. प्रत्येकाचे रक्त आधी तपासले नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनविणाऱ्यांनीच जाहीर केले की, ज्याला पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्याला या लशीनंतर तो झाल्यास अधिक तीव्र होऊ शकतो. मोहीम थांबवावी लागली. आधी रक्त तपासा, मग ही लस द्या, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिला. तोवर आईबापांच्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून तपासणीसाठी कोणी दारी आले, तर हात पुढे करा. पण विचाराही : आमच्या वस्तीचा आकडा किती निघाला, आणि तो पाहून तुम्ही काय करणार? रक्त आपले आहे. त्याचा हिशेबही आपल्याला मिळालाच पाहिजे.