ड्रोन : त्याच्या जाती, उड्डाण आणि अवयव
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम आढेवेढे घेतले. माझा जन्म गेला तो वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ आणि मोटार शिकविण्यात. परंतु एका संक्रांतीला आमच्याच घरी असा प्रसंग घडला, की नाही म्हणवेना.

बडोद्याच्या संक्रांतीचे वर्णन आपणांपुढे काय करावे! अगाशीवर सारे घर लोटलेले, आणि आभाळात पतंगांची दाटी. हे दृश्य वरून टिपावे म्हणून नातवाने आपला ड्रोन उडविला. कुठल्याशा कटलेल्या पतंगाचा मांजा एका पंख्यात गुंतला आणि यंत्र पन्नास फुटांवरून थेट अंगणात आले. तेथे आमच्या वहिनी तिळगुळाचे ताट घेऊन बसल्या होत्या. फोन वाजला म्हणून त्या नुकत्याच आत गेल्या होत्या. ताट मधोमध चेपले. यंत्राचे वजन सव्वा किलो, आणि एवढ्या उंचीवरून पडताना वेग ताशी पंचावन्न-साठ किलोमीटर होतो. पुढचे बोलावयास नको.

सायंकाळी नातवाने विचारले, "आजोबा, पतंग कटला तरी हेलकावे खात उतरतो. मग हा धोंड्यासारखा का पडला?" आजचे माझे भाषण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

ड्रोन या शब्दाचा अर्थ नर मधमाशी. ब्रिटनमध्ये 1935 साली तोफांच्या सरावासाठी 'क्वीन बी' नावाचे रेडिओने चालणारे विनावैमानिक विमान केले होते. त्या राणीमाशीवरूनच पुढे ड्रोन हे नाव रूढ झाले, असे सांगतात. तेव्हा वैमानिक आत न बसता उडते ते सारे ड्रोनच, मग आकार कोणताही असो.

यातली पहिली जात पसरट पंखांची. ही आपल्या पतंगाची सख्खी बहीण. हवा पंखावरून वाहते आणि पंख तिला खाली ढकलतो, म्हणून तो स्वतः वर उचलला जातो. मोटारीचे काम केवळ पुढे ओढण्याचे. ती बंद पडली तरी असे विमान घसरत घसरत जमिनीला लागू शकते. थोड्या शक्तीत ते पुष्कळ वेळ उडते, म्हणून लांबवर पसरलेल्या शेतांची किंवा खाणींची मोजणी करावयास ते सोयीचे. मात्र एका जागी थांबणे त्याला ठाऊक नाही.

दुसरी जात आमच्या नातवाकडची, चार पंख्यांची. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये 1907 साली ब्रेगे बंधूंनी प्राध्यापक रिशे यांच्या साहाय्याने असे यंत्र माणसासकट जमिनीपासून थोडेसे उचलले होते. मात्र ते कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार माणसे उभी करावी लागली! आज ती चार माणसे नखाएवढ्या चकतीत बसली आहेत, ती कशी ते सांगतो.

छताचा पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा त्याची मोटार छताला उलट बाजूस पिळत असते. छत घट्ट आहे म्हणून ते जाणवत नाही. हवेत छत कोठले? म्हणून चारांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे उजवीकडे फिरवितात, उरलेले दोन डावीकडे, म्हणजे पीळ फिटतो. मागचे दोन जोरात फिरविले की यंत्र पुढे झुकते आणि पुढे जाते. एका फिरकीची जोडी जलद आणि दुसरी मंद केली की ते जागच्या जागी तोंड वळविते. सुकाणू नाही, शेपटी नाही. सारा कारभार चार वेगांचा.

हे वेग ठरविणारा मेंदू म्हणजे उड्डाण-नियंत्रक. त्यातले जायरोस्कोप आणि त्वरणमापक यंत्राचा कल क्षणोक्षणी मोजतात, हवेच्या दाबावरून उंची कळते, जीपीएसवरून ठिकाण. मेंदूचा हुकूम प्रत्येक मोटारीपाशी पोहोचविणारा वेगनियंत्रक निराळा असतो. मोटारींना कार्बनचे ब्रश नसतात, म्हणून झीज थोडी.

बॅटरी लिथियमची. ती हलकी खरी, पण फुगली किंवा भोसकली गेली तर पेट घेते, हे घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. एका भरणीत साधारण वीस-तीस मिनिटे उड्डाण. या यंत्राला विश्रांती अशी नाहीच, नुसते थांबून राहण्यासाठीही ते सतत झटत असते. आणि एक पंखा अडकला की तोल सावरणारा हिशोबच मोडतो. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर हे. सहा-आठ पंख्यांची यंत्रे असतात, त्यांतला एक गेला तर बाकीचे बहुधा सावरून घेतात. शेतात औषध फवारणारी मोठी यंत्रे अनेकदा सहा पंख्यांची दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

तिसरी जात एकाच मोठ्या पंख्याची, हेलिकॉप्टरच्या धर्तीची. चौथी मिश्र, उभी उठून मग पंखांवर जाणारी. त्यांविषयी विस्तार करीत नाही.

आता थोडी कबुली. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचे यंत्र 'नॅनो' आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचे 'मायक्रो' मानले आहे. आमचे मायक्रो. हौसेपुरते उडविण्यास चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु यंत्राची नोंदणी लागते, आणि विमानतळाजवळ नकाशावर लाल-पिवळ्या दाखविलेल्या भागात परवानगीवाचून उडविता येत नाही. हरणीचा विमानतळ आपल्या शहराला किती लगटून आहे! आम्ही अगाशीवर उभे असताना हा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही, माझ्याही नाही.

आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे ड्रोनचालकाच्या प्रशिक्षणासाठी एक अर्ज आला असून, हे लग्नातल्या छायाचित्रकाराचे खेळणे आहे असे काही विश्वस्तांना वाटते, हे मी जाणतो. केंद्र सरकारच्या 'स्वामित्व' योजनेत 2020 पासून गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने होऊन लोकांना मालकीची कागदपत्रे मिळाली आहेत. ते खेळणे खास नव्हे. प्रमाणपत्राला दहावी उत्तीर्ण आणि वय अठरा ते पासष्ट अशी अट नियमांत घातलेली आहे, माझा नंबर हुकला! माझे मत अर्ज मंजूर करावा असे आहे. मात्र मुलाखतीत त्या मुलाला आमच्या चेपलेल्या ताटाची हकिगत सांगून, यंत्र का पडले एवढे विचारावे.

नातवाचा ड्रोन दुरुस्त होऊन समोरच्या टेबलावर ठेवला आहे. बॅटरी काढून माझ्या खिशात आहे. मुलांनी पंखे हाताने फिरवून पहावेत. कोणते दोन कोणत्या बाजूला फिरतात, ते त्यांच्या वळणावरूनच ओळखता येईल.