दवंडीची कसोटी

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाताना वाटेत फुलंब्री लागते. कापूस-मका पिकविणाऱ्या या मुलखास दवंडी अपरिचित नाही. हलगी थांबताच कोतवालाने सांगावयाचे ते इतकेच: काय करावे, कोठे आणि केव्हा. चौकातून घरी जाईतो ऐकणाऱ्याच्या ध्यानात जे उरेल, तेवढीच खरी दवंडी.

प्रचाराच्या प्रत्येक संदेशास हीच कसोटी लावावी. १९९५ साली भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. रोगाविषयी, लशीविषयी सांगण्याजोगे पुष्कळ होते; परंतु पुढे घरोघरी पोहोचले ते ‘दो बूंद जिंदगी की’ हे चार शब्द. द्यावयाचे किती आणि कशासाठी, हे त्यांतच आले. पाच वर्षांखालील मूल आणि ठरलेला रविवार, एवढी जोड मिळाली की निरक्षर मातेसही संदेश पुरा होई.

अर्थात घोषवाक्य म्हणजे सर्वस्व नव्हे. उत्तर प्रदेशात लशीविषयी अफवा उठल्या, तेव्हा कार्यकर्त्यांना दारोदार जाऊन शंकानिरसन करावे लागले. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात या श्रमांचा वाटा मोठा.

संदेश दुर्बोध असला, तर लिहिणाऱ्याचे काही जात नाही. पीकविम्याची मुदत न उमगलेल्या शेतकऱ्याचा मात्र वर्षाचा आधार जातो. यास्तव जाहिरात छापण्यापूर्वी ती एखाद्या अनभिज्ञ माणसास एकदाच वाचून दाखवावी आणि काय समजले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे. तो अडखळला, तर दोष वाक्याचा समजावा.