चित्र तिचं, निर्णयही तिचा
(शिक्षिका व वसतिगृहातील ताईंच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, एखादी मुलगी कागदभर काळा रंग फासते आणि आपण लगेच विचारतो, "काय झालं गं?" तो प्रश्न आवरा. काळा रंग म्हणजे अत्याचाराचा पुरावा नव्हे. चित्र दाखवायचं की फाडायचं, हे तिला ठरवू द्या. जिच्या शरीरावर दुसऱ्यानं हक्क गाजवला, तिला एवढा तरी निर्णय स्वतःचा हवा.

मात्र ती आपणहून लैंगिक अत्याचाराबद्दल बोलली, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. रंग हाती देण्यापूर्वीच हे तिला सोप्या शब्दांत सांगा. नाहीतर आणखी एका मोठ्या माणसानं तिला फसवलं, असंच होईल.