खाड्याचा हिशेब



मला विषय दिलाय 'राजीनामा आणि शिल्लक रजा'. तो ऐकून मागं बसलेली दोन पोरं हसली. हसू द्या. क्रांतीवर बोलायला आपल्याकडं माणसांची वाण नाही. रजेच्या अर्जावर बोलायला कोणी येत नाही. मी आलो, कारण मी त्यात नागवला गेलोय.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी 9 वर्षं पॅकिंग खात्यात काढली. 2008 साली दुसरीकडं चार पैसे जास्त मिळत होते म्हणून राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी टाइम ऑफिसात गेलो. विचारलं, साहेब, माझ्या शिल्लक रजेचं काय? क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "अर्ज केला होतास कधी?"

नव्हता केला.

"मग रजा कसली? घ्यायची होती तर घ्यायची. सही कर इथं."

कागदावर लिहिलं होतं : सर्व हिशेब मिळाला, कंपनीकडं काही येणं नाही. मी सही केली. वळणदार सही आहे माझी, शाळेत बक्षीस मिळालं होतं. ती अशी कामी आली.

आता त्या 9 वर्षांचा हिशेब ऐका. 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 79 मध्ये, असं होतं : वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागं 1 दिवस भरपगारी रजा. मी वर्षाला 300 दिवस भरायचो. म्हणजे 15 दिवस. 9 वर्षांचे 135. त्यातले मी घेतले मोजून 19. आई गेली तेव्हा, आणि बहिणीच्या लग्नाला. उरलेल्यातले 30 दिवस पुढं ओढता येत होते. बाकीचे दरवर्षी बुडत गेले. पण त्याच कलमात हेही होतं की, रीतसर मागितलेली रजा नाकारली तर ती कितीही साठवता येते, तिला 30 ची मर्यादा नाही. आणि नोकरी सोडताना हक्काच्या रजेच्या बदल्यात पगार द्यावा लागतो, हेही होतं. म्हणजे पुस्तकावरचे 30 दिवस त्या क्लार्कनं खोटं बोलून खाल्ले. बाकीचे मी अर्ज न करून घालवले. या कायद्याचा गोषवारा कारखान्यातच भिंतीवर टांगलेला होता. तेलकट काचेमागं. त्याच्याखाली मी 9 वर्षं डबा खाल्ला.

अर्ज का केला नाही? फोरमनला तोंडी विचारायचो. तो म्हणायचा, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. पुन्हा विचारायला लाज वाटायची. मागणं म्हणजे भीक, असं डोक्यात बसलेलं. वरून ती दुसरी भीती : 'यांचे लोक कामचुकार.' ते खोटं पाडायला आपण ताप अंगावर घेऊन कामाला जातो. सवर्ण गडी गणपतीला आठ दिवस गावी जायचा, अर्ज लिहून, भरपगारी. त्याला कोणी कामचुकार म्हटलं नाही.

आणि 6 डिसेंबर. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. दरवर्षी 6 डिसेंबरला मी चैत्यभूमीवर जायचो, 14 एप्रिलला वस्तीत थांबायचो. टाइमकीपर मस्टरवर लाल शाईनं खाडा मारायचा, पगार कापायचा. मी छाती पुढं काढून सांगायचो, बाबासाहेबांसाठी खाडा झाला तर झाला. 9 वर्षं, 18 खाडे. पुस्तकात भरपगारी रजा सडत पडलेली आणि मी बिनपगारी अभिवादन करत होतो!

आणि ही भरपगारी रजा कुणी आणली? 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, 1945 साली, कारखाने कायदा दुरुस्त झाला आणि बारामाही कारखान्यात सलग बारा महिने काम केलेल्या प्रौढ कामगाराला 10 दिवस भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळाली. पुढच्या वर्षी आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. आपण त्यांची जयंती डीजे लावून करतो, आणि त्यांनी मिळवलेला दिवस मालकाला परत देऊन येतो.

आपल्या आज्या-पणज्यांना विचारा रजा म्हणजे काय. महार वतनात रजा हा शब्दच नव्हता. सरकारी सांगावा रात्री आला तरी उठायचं. तो घरात नसला तर बापाला, नाहीतर पोराला धरून न्यायचे. आणि राजीनामा? वतन जन्मानं मिळालेलं, ते सोडायचं कसं? 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, ते याच दाव्यातून मोकळं व्हायला. ती वतनं कायद्यानं मोडायला 1958 उजाडलं. तेव्हा तुमच्या हातातला राजीनाम्याचा कागद ही साधी गोष्ट समजू नका. मात्र तो द्यायच्या आधी दुसरा एक कागद द्यायचा असतो.

आमच्या वस्तीतली एक मावशी एका इस्पितळात ठेकेदाराकडं सफाईला होती. तिला लिहिता येत नाही. रजा हवी असली की पोरीकडून वहीच्या पानावर दोन प्रती लिहून घ्यायची, एक मुकादमाला, दुसरीवर त्याची सही. रजा मिळायची नाहीच. कागद ती पिठाच्या डब्याखाली ठेवायची. 2019 साली ठेका बदलला. जुना ठेकेदार म्हणाला, रजा नव्या ठेकेदाराकडं जमा होईल. कसली जमा होते! नव्याकडं सगळ्या पहिल्या दिवसापासून नव्या. मावशीनं सहा कागद टेबलावर मांडले. पैसे तिला मिळाले. बरोबरीच्या बाया रिकाम्या हातानं परत आल्या. त्यांचाही घाम तेवढाच गेला होता, कागद नव्हता.

म्हणून सांगतो. नोकरी सोडायचं ठरलं की आधी शिल्लक किती ते काढा. मग रजेचा लेखी अर्ज, 15 दिवस आधी, पोच घेऊन. व्हॉट्सअॅपवर पाठवला तर चित्र काढून ठेवा. दिली रजा तर घ्या, निजा, गावी जा. नाही दिली तर त्याचे पैसे मागा. 'नोटिशीच्या काळात रजा नाही' म्हणतात. ठीक, येतो कामावर, पण मग रजेचे पैसे द्या. आणि वाचल्याशिवाय 'काही येणं नाही'वर सही करू नका.

दुकानात, ऑफिसात असाल तर महाराष्ट्राचा 2017 चा कायदा पाहा. 8 दिवसांची किरकोळ रजा वर्ष संपलं की बुडते, तिच्यामागं लागू नका. अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठते. तीही मागून नाकारली आणि मग तुम्ही सोडलंत, तर पैसे द्यावे लागतात. पुन्हा तोच प्रश्न : अर्ज केला होता का? केंद्र सरकारच्या नोकरीतून राजीनामा देणाऱ्याला शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याचेच पैसे, फार तर 150 दिवसांचे. तिथं आधी रजा भोगावी, मग कागद टाकावा.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या. 240 ऐवजी 180 दिवस भरले तरी रजा. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब. दाव्याला तीन वर्षांची मुदत. वाचायला गोड आहे. पण सुपरवायझर नेमून पगार 18,000 च्या वर दाखवला की तुम्ही कामगार उरत नाही. आणि डिलिव्हरीच्या पोरांना तर 'पार्टनर' म्हणतात. पार्टनरला रजा नसते. येसकरालाही नव्हती. त्यावर वेगळं बसावं लागेल.

माझा भाचा पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय. त्याचे 22 दिवस शिल्लक आहेत. काल रात्री बसून अर्ज लिहिला. तारखा कुठल्या टाकू, विचारत होता. म्हटलं, जो दिवस तुला पाहिजे तो. त्यानं पहिली तारीख टाकली 6 डिसेंबर.

रविवारी सहा वाजता मी विहारात आहे. ज्यांना लिहायचाय त्यांनी पगाराची चिठ्ठी घेऊन या. कागद माझ्याकडं आहेत.