टपालाच्या तिकिटांची पारख

पुष्कळ घरांतून कपाटाच्या एखाद्या खणांत, वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें जमविलेल्या टपालाच्या तिकिटांची जुनी वही पडलेली असते. त्यांच्या मागें ती केव्हां तरी उघडली जाते, आणि तींत सिंध प्रांताचें १८५२ सालचें तिकीट किंवा गांधीजींचें १९४८ सालचें दहा रुपयांचें तिकीट दिसलें, कीं घरांतील मंडळींच्या मनांत आशा उत्पन्न होते. या तिकिटांवर मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, असेंहि कोणास वाटूं लागतें. परंतु जीं तिकिटें दुर्मिळ म्हणून महाग, त्यांच्याच नकला अधिक होतात. म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं तिकीट खरें कीं खोटें हें विचारणें, हा शहाणपणाचा मार्ग होय.

खोटीं तिकिटें दोन हेतूंनीं केलीं जातात. पहिला हेतु टपालखात्यास फसविण्याचा. याचें प्रसिद्ध उदाहरण लंडनचें आहे. १८७२ सालीं तेथील स्टॉक एक्स्चेंजमधील तारघरांत एक शिलिंगाचीं हिरवीं खोटीं तिकिटें तारांच्या अर्जांवर चिकटविलीं गेलीं. अर्ज खात्याच्याच दप्तरांत राहत, त्यामुळें कोणास संशय आला नाहीं. ते जुने अर्ज पुढें रद्दींत निघाले आणि १८९८ सालीं चार्ल्स निसन या जाणकाराच्या नजरेस ही लबाडी आली. खऱ्या तिकिटाच्या कागदांत गुलाबाच्या डहाळीचें जलचिन्ह असे, तें यांत नव्हतें. शिवाय खऱ्या तिकिटाच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून त्याची तावावरील जागा कळत असे. या खोट्या तिकिटांवर तर जीं अक्षरें एकत्र येणें शक्यच नव्हतें, अशा जोड्या आढळल्या. करणाऱ्यानें चित्राची नक्कल केली, परंतु चित्रामागील नियम त्यास ठाऊक नव्हता.

दुसरा हेतु संग्राहकास फसविण्याचा. जिनीव्हा येथील फ्रान्स्वा फूर्निये हा आपल्या नकला उघडपणें, किंमतींची यादी छापून विकीत असे. गरीब संग्राहकास वहींतील रिकामी जागा भरतां यावी, एवढाच आपला उद्देश आहे असें तो म्हणे. पहिल्या गिऱ्हाइकास तें नक्कल म्हणून मिळे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या हातीं जातां जातां नक्कल हा शब्द गळून पडे आणि तेंच तिकीट खरें म्हणून मिरवूं लागे. तो १९१७ सालीं वारला. पुढें तेथील संग्राहकांच्या संस्थेनें त्याचा उरलेला माल विकत घेतला, १९२८ सालीं त्यांतील नमुन्यांच्या वह्या अभ्यासासाठीं केल्या आणि बाकीचा माल नष्ट केला.

आतां परीक्षेकडे वळूं. तिकिटाचे साक्षीदार पांच: कागद, जलचिन्ह, छपाई, कडेचीं छिद्रें आणि टपालाचा शिक्का.

कागद आणि जलचिन्ह यांची तपासणी घरीं करतां येते. काळ्या बशींत तिकीट पालथें ठेवून त्यावर शुद्ध बेंझिनचे दोन थेंब टाकले, कीं जलचिन्ह काळसर उमटतें. बेंझिन लवकर पेट घेतें, म्हणून दिवा व काडी दूर ठेवावी. हिंदुस्थानच्या तिकिटांत १८६५ पासून हत्तीच्या मस्तकाचें जलचिन्ह आलें. त्यानंतर तारा आला. आणि नाशिकच्या छापखान्यांतून १९२६ सालीं तिकिटें निघूं लागलीं, तेव्हां कागदभर अनेक तारे दिसूं लागले. तिकिटाचें साल आणि त्यांतील चिन्ह यांचा मेळ बसला नाहीं, तर तेथेंच थांबावें. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यांत अशीं द्रव्यें घालूं लागले, कीं अतिनील दिव्याखालीं तो निळसर चकाकतो. शंभर वर्षांपूर्वीचें म्हणविणारें तिकीट असें चकाकलें, तर त्याच्या वयाची शंका घ्यावी.

छपाई हा सर्वांत बोलका साक्षीदार होय, आणि त्याचें म्हणणें ऐकण्यास एक चांगलें भिंग पुरतें. खोदीव पत्र्यावरून छापलेल्या तिकिटावर शाईच्या रेषा किंचित् उंच असतात. उठावाच्या ठशानें छापलेल्या तिकिटावर रेषांच्या कडांना शाई दाटते व कधीं कधीं पाठीमागें दाब उमटतो. शिळाछापाचें तिकीट सपाट दिसतें. हा भेद ठाऊक असला, कीं पुष्कळ नकला आपोआप उघड्या पडतात. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं १ जुलै १८५२ रोजीं काढलेलीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें ठशाच्या दाबानें उठविलेलीं होतीं; तांबडें तिकीट तर लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर केलेलें असे. त्याच तिकिटाचें सपाट छापलेलें चित्र कितीहि हुबेहूब असलें तरी तें खोटेंच. याउलट १८५४ सालीं कलकत्त्यास सर्व्हेअर जनरलच्या कचेरींत छापलेलीं अर्ध्या आण्याचीं, एक आण्याचीं व चार आण्यांचीं तिकिटें शिळाछापाचीं आहेत. चार आण्यांच्या तिकिटाची चौकट तांबडी व राणीचें मस्तक निळें असून तीं दोन वेळां छापावीं लागत. त्यामुळें कांहीं तिकिटांवर मस्तक उलटें पडलें व तीं जगप्रसिद्ध झालीं. अशा चुकीचें तिकीट समोर आलें, तर मधला भाग कापून उलटा बसविलेला नाहीं ना, हें भिंगाखालीं व पाठीमागून अवश्य पाहावें.

छिद्रें मोजण्याची रीत पॅरिसच्या डॉ. लेग्रां यांनीं १८६६ सालीं रूढ केली. दोन सेंटिमीटर अंतरांत किती छिद्रें बसतात, तो आंकडा त्या तिकिटाचा. गांधीजींच्या १९४८ सालच्या चारी तिकिटांचा हा आंकडा साडेअकरा आहे. जेथें छिद्रें नसल्यामुळें किंमत वाढते, तेथें छिद्रें असलेल्या स्वस्त तिकिटाच्या कडा कापणारे लोकहि असतात. म्हणून कडेचा समास नेहमींपेक्षां अरुंद दिसल्यास सावध व्हावें.

शिक्क्यावरील तारीख व गांव वाचतां आल्यास वाचावें. तिकीट निघण्यापूर्वींची तारीख असल्यास निकाल लागलाच. तिकिटावर मागाहून छापलेल्या अक्षरांविषयीं तर विशेष दक्षता पाहिजे. गांधीजींचीं तिकिटें स्वित्झर्लंडमधील कुर्व्हाझिए यांच्या छापखान्यांत होऊन १५ ऑगस्ट १९४८ रोजीं निघालीं. त्यांपैकीं थोडीं ‘सर्व्हिस’ हीं अक्षरें छापून गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठीं राखलीं होतीं. तीं अत्यंत दुर्मिळ आहेत. म्हणूनच खऱ्या तिकिटावर खोटीं अक्षरें छापण्याचे प्रकार घडले. तेथें तिकीट, कागद आणि छिद्रें सर्व खरें असतें. खोटी असते ती केवळ शाईची एक ओळ.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येते. एका साक्षीदारावर निकाल देऊं नये. ज्याँ द स्पेराती (१८८४–१९५७) या इटालियन कारागिरानें हाच धडा जगास दिला. तो एखादें स्वस्त व खरें जुनें तिकीट घेई, त्यावरील चित्र रसायनांनीं धुऊन काढी आणि त्याच कागदावर महाग तिकिटाचें चित्र छापी. त्यामुळें कागद, जलचिन्ह, छिद्रें आणि पुष्कळदां शिक्काहि खरा राही. १९४२ सालीं त्यानें पोर्तुगालला पाठविलेलीं तिकिटें फ्रेंच जकातखात्यानें पकडलीं. तज्ज्ञांनीं तीं खरीं ठरविलीं, आणि हीं आपण स्वतः केलेल्या नकला आहेत, असें सांगण्याची पाळी त्याच्यावर आली! चार साक्षीदार त्यानें फितविले होते. पांचवी, म्हणजे छपाई, मात्र फितली नाहीं. त्याची छपाई प्रकाशलेखाच्या साहाय्यानें केलेली सपाट होती, आणि खऱ्या तिकिटाच्या रेषांशीं ती ताडून पाहिली, कीं भेद दिसे.

ताडून पाहणें हाच या विद्येचा पाया होय. त्यासाठीं मोठें धन लागत नाहीं. त्याच काळचीं, त्याच छापखान्यांतील चार आठ आण्यांचीं सामान्य तिकिटें नित्य भिंगाखालीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांस खरेपणाची ओळख पडते. जो केवळ दुर्मिळ तिकिटांच्या मागें धांवतो, त्यास ती पडत नाहीं. मोठ्या किंमतीच्या तिकिटाबाबत मात्र स्वतःच्या डोळ्यांवर विसंबूं नये. लंडनच्या संस्थेनें १८९४ सालीं तज्ज्ञमंडळ स्थापिलें, त्यांत हाच विचार होता. अशा मंडळाचें प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्री करूं नये, आणि खरेदीहि करूं नये.

परीक्षेअंतीं वडिलांच्या वहींतील आवडतें तिकीट खोटें निघालें, तर दुःख होणारच. तरी वडिलांची हौस त्यामुळें खोटी ठरत नाहीं. तेहि कदाचित् फसलेच असतील. त्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनें ‘नक्कल’ असें स्पष्ट लिहावें, आणि वहीच्या शेवटीं वेगळ्या पानावर तें ठेवावें. तेथें तें मुलांस शिकवील. न सांगतां तें दुसऱ्यास विकलें, तर आजवर जी फसवणूक परक्याची होती, ती त्या दिवसापासून आपल्या घरची होते.