कोंबडीचे खुराडे आणि कचेरीची चिठ्ठी

(प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



आज मी कोंबडीविषयी बोलणार आहे. हसू नका. कोंबडी लहान असते, पण तिच्यापायी दोन घरांचे बोलणे बंद पडलेले मी पाहिले आहे.

गेल्या गुरुवारी आपल्या वर्गातल्या एका बाईंनी पदराच्या गाठीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "भाऊसाहेब, एवढं वाचून सांगा. पोरगा म्हणतो, कोंबड्या इकून टाक, न्हाईतर दंड बसंल."

मी म्हटले, "मी वाचणार नाही. तुम्हीच वाचा."

त्या लाजल्या. मग एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागल्या. कागद नगरपंचायतीचा होता. 'खुराडे' हा शब्द त्यांना चटकन आला. 'नळकोंडाळे' आला. 'सात दिवसांच्या आत' हेही आले. 'स्थलांतरित' या शब्दापाशी गाडी अडली, तेव्हा मी अर्थ सांगितला, "दुसऱ्या जागी हलवणे." सगळे वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारले, "मग इका म्हणून कुठं लिवलंय ह्यात?"

कुठेच लिहिले नव्हते. खुराडे नळकोंडाळ्यापासून दूर हलवा, एवढेच त्यात होते.

मला तिथल्या तिथे एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मी ग्रामपंचायतीत कारकून होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीसेक वर्षे झाली. एका गावात सार्वजनिक विहिरीला लागून एका म्हातारीचे घर होते. घरात ती आणि तिचा नातू. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. अंड्यांवर तिचे तेल-मीठ चाले, पोराच्या वह्या येत. खुराडे विहिरीच्या कट्ट्याजवळ होते. पाऊस आला की घाण विहिरीकडे वाहायची. लोकांची तक्रार खरी होती. सरपंचांनी सांगितले, नोटीस काढा. मी काढली.

नोटीस म्हटली की ती भारदस्त दिसावी, असे मला त्या वयात वाटे. 'उपरोक्त', 'सत्वर', 'अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल' असे सगळे मी तिच्यात घातले. म्हातारीला अक्षर येत नव्हते. ती कागद घेऊन पिठाच्या गिरणीवर गेली. तिथल्या कोणीतरी शेवटची ओळ तेवढी वाचली आणि सांगितले, "म्हातारे, तुझ्यावर कारवाई हाय." झाले! बाजाराच्या दिवशी तिने बाराही जनावरे डालग्यात घालून नेली आणि व्यापाऱ्याने दिले तेवढ्या पैशांत विकून टाकली.

आठ दिवसांनी मी पाहायला गेलो, खुराडे हलवले की नाही. खुराडे जाग्यावरच होते, पण रिकामे. मी विचारले, "आजी, कोंबड्या कुठं गेल्या?" ती म्हणाली, "तुमीच इकाया लावल्या न्हवं?"

खुराडे फक्त घराच्या मागच्या अंगाला न्यायचे होते. तिथे जागा मोकळी होती. तिने पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत.

असो. आता नियमांकडे येऊ.

घराजवळ कोंबड्या पाळाव्यात की नाहीत, याचा साऱ्या देशाला मिळून एकच नियम नाही. गावागावाचा नियम वेगळा असतो. ग्रामपंचायतीचा कारभार महाराष्ट्रात १९५८ च्या कायद्याने चालतो. नगरपरिषद आणि नगरपंचायत यांना १९६५ चा कायदा लागू आहे. या कायद्यांच्या आधाराने गावची किंवा शहरची संस्था स्वच्छतेचे आपले नियम करते. त्यांना उपविधी म्हणतात. काही ठिकाणी कोंबड्या पाळायला परवानगी घ्यावी लागते. काही ठिकाणी लागत नाही, पण घाण झाली तर दंड होतो.

आपल्याकडे गोंधळ आणखी एका कारणाने वाढला. २०१४ नंतर तालुक्याच्या कितीतरी गावांतली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. घर तेच, परस तेच, कोंबडी तीच. पण काल जे गाव होते ते कागदावर शहर झाले. ज्या बाईच्या आजीने आणि पणजीने त्याच वळचणीला कोंबड्या पाळल्या, तिला कोणी विचारले नाही की नवा नियम तुला कळला का. माझ्या मते ही चूक कचेरीची आहे, बाईची नाही.

म्हणून पहिले काम हे, की नियम मागून घ्या. "साहेब म्हणतात", "शेजारी म्हणतो", हे नियम नव्हेत. कागदावर असेल तो नियम. गावात ग्रामसेवकाला विचारा; २०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारा. तोंडी सांगून कोणी दाद दिली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणि नियमच चुकीचा वाटला तर? गावात ग्रामसभा आहे. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. कोंबड्या बहुतेक ठिकाणी बायाच पाळतात, तेव्हा ही गोष्ट त्या सभेत बोलायची. मी कितीतरी महिला सभांच्या नोंदी लिहिल्या. खरे सांगतो, पुष्कळ वेळा सभा न भरताच सह्या आणि अंगठे घेतले जात. आता तुम्हाला सही येते. सही करण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचा.

आता शेजाऱ्याची बाजू. तीही ऐकली पाहिजे.

शेजारणीने गच्चीवर मिरच्यांचे वाळवण घातले आणि तुमच्या कोंबडीने ते उधळले, तर ती गप्प बसेल का? खुराड्यात ओली घाण साचली की वास सुटतो, माशा होतात. माशीने अंडे घातल्यापासून आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी खुराडे झाडले, तर माशीची पैदासच मोडते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. तो कोरडा राहिला तर वास फारसा येत नाही. झाडलेली घाण गटारात टाकू नये. ती खड्ड्यात माती-पाचोळ्याबरोबर कुजवली की नामी खत होते. मात्र ताजी घाण झाडाच्या बुंध्याशी घालू नका, मुळे जळतात.

जागा किती लागते? एका कोंबडीला साधारण दोन चौरस फूट धरा. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरे. ज्याचा परस चार फुटी बोळाएवढा आहे, त्याने वीस कोंबड्या पाळू नयेत. तिथे नियम असो नसो, भांडण ठरलेलेच.

आणि कोंबडा! सगळ्यात मोठे भांडण कोंबड्याचे. पुष्कळांना वाटते की कोंबडा नसला तर कोंबडी अंडी घालणार नाही. हे खरे नाही. कोंबडी कोंबड्यावाचून अंडी घालते. त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, एवढेच. तेव्हा नुसती अंडी हवी असतील आणि घराला घर लागून असेल, तर कोंबडा ठेवूच नका. रवण घालायची असेल तेव्हा फळती अंडी दुसरीकडून आणा आणि खुडूक कोंबडीखाली ठेवा.

कोणी म्हणेल, रात्री खुराड्यावर पोते टाकू, मग कोंबडा ओरडणार नाही. जपानात नागोया येथील विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हेच तपासून पाहिले. २०१३ साली त्यांनी दाखवून दिले की कोंबड्याच्या अंगातच वेळेचे घड्याळ असते. उजेड दिसला नाही तरी तो आपल्या वेळेला आरवतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडे फुटल्याचे कळते, एवढी भर त्यात आता घालायला हरकत नाही.

केरळात पत्तनमतिट्टा जिल्ह्यात अडूर नावाचे गाव आहे. तिकडे एका आजारी, वयस्क माणसाने तक्रार केली की शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर कोंबड्या आहेत, पहाटे तीनपासून कोंबडा आरवतो, झोप लागत नाही. तिथल्या प्रांतसाहेबांनी जागा पाहिली, दोघांचे ऐकले. २०२५ च्या फेब्रुवारीत निकाल दिला. काय दिला? कोंबडा मारा म्हटले नाही, विका म्हटले नाही. खुराडे वरच्या मजल्यावरून काढून आवाराच्या दक्षिणेकडच्या बाजूला न्या, आणि हे चौदा दिवसांत करा, असे सांगितले. म्हाताऱ्याची झोपही खरी आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याही खऱ्या, हे त्या साहेबांनी ओळखले. आपल्याकडेही प्रांत किंवा तहसीलदार सार्वजनिक उपद्रवाच्या तक्रारीवर असा हुकूम देऊ शकतात. आधी हुकूम निघतो आणि तुमचे म्हणणे मांडायला तारीख मिळते. त्या दिवशी घरी बसू नका. जाऊन सांगा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाला आधी विचारावे. कोंबड्यांच्या झुंजी लावणे तर १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे, मग जत्रा कोणतीही असो.

आता आजाराचे. हे नीट ऐका, कारण इथे लपवाछपवी केली तर साऱ्या गावाला भोवते.

मानमोडी आली, म्हणजे शास्त्रीय भाषेत राणीखेत, की आठवड्याभरात खुराडे रिकामे होते. तिला औषध नाही, पण लस आहे. पिल्लू आठवड्याचे व्हायच्या सुमारास पहिली, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाले की दुसरी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. चार-पाच घरांच्या कोंबड्या एकाच दिवशी टोचून घ्याव्यात, कारण लशीची बाटली एकदा फोडली की ठेवता येत नाही.

दुसरा आजार बर्ड फ्लू. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. तिथे मोठमोठ्या पोल्ट्र्यांतल्या कोंबड्या तर मारल्याच, घराघरांतल्याही मारल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या. तपासणीत तोच आजार निघाला आणि भोवतालच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या मारायचे ठरले. कोणाच्या दोन असोत की दोनशे, सगळ्या.

ऐकून वाईट वाटते. पण यात कायद्याचे दोन मुद्दे आहेत. २००९ च्या कायद्याप्रमाणे असा आजार आल्याचा संशय आला, तर मालकाने ताबडतोब कळवलेच पाहिजे. आणि सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे चार कोंबड्या मेल्यावर उकिरड्यावर फेकून जो गप्प बसला, त्याचे नुकसान दुहेरी होते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. मांस आणि अंडी पुरती शिजवून खाल्ली तर त्या आजाराचे विष उरत नाही.

हे सारे सांगितल्यावर त्या बाईंनी मला विचारले, "म्हंजे माज्या कोंबड्या ऱ्हात्यात का न्हाई?"

मी विचारले, "नळकोंडाळ्यापासून लांब जागा आहे का?"

"हाय की. पाठीमागं न्हाणीच्या पलीकडं. पण तिथनं मुंगूस येतं."

मी म्हटले, "मुंगसाला बारीक जाळी लावा. खुराडे जमिनीपासून दोन फूट उचला. आणि नगरपंचायतीला लिहून द्या, की नोटीस मिळाली, खुराडे अमुक तारखेला हलवले, येऊन पाहावे."

"म्या लिवू?"

"दुसरं कोण लिहिणार?"

त्यांनी काल अर्ज लिहून आणला. 'न्हाणी'तला 'न्हा' चुकला आहे आणि तारीख राहिली आहे. बाकी सगळे बरोबर. त्यांच्या परवानगीने तो मी फळ्यावर लिहिला आहे. आज सगळ्यांनी उतरून घ्या. दोन प्रती काढा. एक कचेरीत द्यायची, दुसरीवर त्यांचा शिक्का आणि सही घेऊन आपल्याजवळ ठेवायची. याला पोच म्हणतात. कारकून म्हणेल, "पोच कशाला, बाई? मी आहे ना!" मीही तसेच म्हणत असे. तरी पोच घ्यायची.

कंदील जरा फळ्याजवळ सरकवा. मागच्यांना दिसत नाही.