आवाज चालू, चित्र फाटलेलं: जुन्या सॅटेलाइट टीव्हीच्या कुलपाची गोष्ट

लोकलमध्ये ऐकत असाल तर एक हेडफोन काढून ठेवा, स्टेशन चुकेल.

आज जायचंय १९९०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये. घरावर डिश, टीव्हीवर स्काय मूव्हीजचा चॅनल. पैसे भरले नसतील तर काय दिसायचं? पडद्यावर नुसत्या फाटलेल्या रेघा. पण आवाज अगदी स्वच्छ! डायलॉग ऐकू येतात, माणूस दिसत नाही. म्हणजे फुकटात सिनेमाचा रेडिओ. कारण स्कायच्या व्हिडिओक्रिप्ट पद्धतीत आवाजाला कुलूप नव्हतंच, फक्त चित्राला होतं.

आता तुम्ही म्हणाल, चित्र सरळ एन्क्रिप्ट का नाही केलं? तर गंमत इथेच आहे. अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बिट नसतात. शून्य-एक नाही, नुसतं वरखाली होणारं व्होल्टेज. ते आकाशातून येताना त्यात खरखर मिसळणारच. आजच्यासारखं गणित लावून त्याचा पार चुरा केला, तर ती खरखर उलगडताना कितीतरी पट वाढेल आणि पैसे भरलेल्या माणसालाही चित्र दिसणार नाही. म्हणून एकच मार्ग उरतो: तुकडे आहेत तसेच ठेवायचे, फक्त जागा बदलायच्या.

युरोपातल्या पाल पद्धतीत एका चित्रात ६२५ आडव्या रेषा, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. व्हिडिओक्रिप्ट चित्राची प्रत्येक रेषा २५६ पैकी एका ठिकाणी कापायचं आणि दोन तुकड्यांची अदलाबदल करायचं. पत्त्यांचा गठ्ठा काटतो ना आपण, तसं. प्रत्येक रेषेचा काप वेगळा. कुठे कापलंय ते डिकोडरमधल्या स्मार्ट कार्डाला विचारायचं. दर अडीच सेकंदांनी डिकोडर कार्डाला एक संदेश द्यायचा, कार्ड ६० बिटांचं उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तरावरून पुढचे सगळे काप ठरायचे. कार्ड अस्सल आहे का हे तपासायला फियाट-शमीर पद्धत. आरएसएमधला 'एस' ज्यांचा, तेच हे आदी शमीर! म्हणजे गणित एकदम भारी.

आणि तोडलं कशाने? चिकटपट्टीने. खरंच.

सुरुवातीच्या कार्डांच्या मेमरीत काही लिहायचं तर डिकोडरकडून वेगळं व्होल्टेज लागायचं, आणि ते कार्डाच्या एका ठरावीक कॉन्टॅक्टमधून यायचं. लोकांनी काय केलं? आधी सगळे चॅनल घेतले, त्या कॉन्टॅक्टवर चिकटपट्टी लावली आणि मग फोन करून सांगितलं, "आमचं बंद करा." कंपनीने आकाशातून 'हे कार्ड बंद' असा संदेश पाठवला. कार्डाने तो वाचलाही असेल, पण लिहून ठेवणार कशाने? चॅनल चालूच.

दुसरं भोक याहून मोठं. त्या अडीच सेकंदांत देशातल्या प्रत्येक कार्डाचं उत्तर एकच असायचं. असायलाच हवं, प्रक्षेपण तर एकच आहे! मग एकाने पैसे भरून कार्ड घ्यायचं, त्याची उत्तरं कॉम्प्युटरवर साठवायची आणि इंटरनेटवर टाकायची. दुसऱ्याने फाटलेलाच कार्यक्रम व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवायचा आणि नंतर ती उत्तरं वापरून बघायचा. इथे कार्ड फोडायची गरजच नाही. सबटायटलची फाइल शोधतो ना आपण, अगदी तस्संच.

पण मला सगळ्यात आवडलेला हल्ला मार्कुस कून नावाच्या जर्मन पोराचा. त्याच्या अँटीस्काय या प्रोग्रॅमला कार्डही नको, उत्तरंही नको. त्याने एवढंच पाहिलं की चित्रातल्या शेजारच्या दोन रेषा जवळजवळ सारख्या असतात. नाकाच्या खालच्या रेषेतही नाकच असतं! मग खालची रेषा सरकवत राहायची, आणि वरचीशी सगळ्यात जास्त जुळेल तिथे थांबायचं.

हे ऐकून मला राहवेना. गेल्या शनिवारी बसले. आमच्या सोसायटीच्या गणपतीचा एक ब्लॅक अँड व्हाइट केलेला फोटो घेतला, प्रत्येक रेषा रँडम जागी कापली. फोटो पार ओळखू येईना. मग पायथनच्या साधारण चाळीस ओळी: प्रत्येक रेषेसाठी २५६ जागा तपासायच्या, सगळ्यात कमी फरक असेल ती घ्यायची. दुसऱ्याच मिनिटाला गणपती दिसला! फक्त सोंड उजव्या कडेला आणि अर्धा मुकुट डाव्या कडेला. म्हणजे रेषा एकमेकींशी जुळल्या, पण चित्राची खरी कड कुठली ते कोडला कळेना. त्यासाठी वरपासून खालपर्यंत जाणारी उभी शिवण शोधावी लागली. आणि मागची पांढरी भिंत शेवटपर्यंत नडली. कोऱ्या भिंतीची रेषा कुठेही सरकवली तरी जुळतेच की! तिथे एकदा चूक झाली की खालचं सगळं तिरकं. आई मागून बघून म्हणाली, "बाप्पाला काय करतेयस गं?"

आता कबुली. पहिल्या नोकरीत एका अ‍ॅपमध्ये ग्राहकांचे फोन नंबर 'सुरक्षित' ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? दहा अंकांची अदलाबदल, सगळ्यांसाठी एकाच क्रमाने. वर कमेंटमध्ये लिहिलं, एन्क्रिप्टेड. आमच्या सीनियर मॅडमनी कोड बघितला आणि शांतपणे विचारलं, "तुझा स्वतःचा नंबर आहे ना यात? मग तोच बघून क्रम कळेल की." दोन मिनिटांत त्यांनी अख्खी यादी उलगडून दाखवली. बाहेर जायच्या आत पकडलं गेलं म्हणून वाचले. पण नंबर माझे नव्हते, लोकांचे होते. त्या रात्री झोप लागली नाही.

स्कायकडे मात्र असं मागे घ्यायची सोय कुठे होती? डिकोडर लाखो घरांत जाऊन बसलेले. बदलता येत होतं ते फक्त कार्ड. म्हणून ते कार्डांच्या नव्या पिढ्या आणत राहिले, आणि पोरं त्याही फोडत राहिली. शेजारच्या रेषा सारख्या असतात, याला मात्र नवं कार्ड काय करणार? १९९८मध्ये स्काय डिजिटल आलं, आणि सप्टेंबर २००१मध्ये त्यांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं.

माझा चाळीस ओळींचा कोड खाली लिंकमध्ये टाकतेय. कोऱ्या भिंतीचं काय करायचं ते कुणाला सुचलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. चला, भेटूया!